‘जॉइन’, ‘जॉइन इन’ आणि ‘जॉइन अप’: कुठे काय म्हणायचं

मराठी बोलताना ‘जॉइन’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो बाहेरचा आहे हे जाणवतही नाही. जिम जॉइन करतो, नव्या कंपनीत जॉइन होतो, ग्रुपला जॉइन हो म्हणून निरोप धाडतो. अडचण येते ती इंग्रजी बोलताना. मराठी वाक्यातले ‘त’, ‘ला’, ‘शी’ हे प्रत्यय सोबत निघतात आणि ‘आय जॉइन्ड इन द बँक’, ‘आय जॉइन्ड टू द ग्रुप’, ‘प्लीज जॉइन विथ अस’ अशी वाक्यं तयार होतात. यातलं पहिलं वाक्य सगळ्यात फसवं आहे. ‘जॉइन इन’ असं क्रियापद इंग्रजीत खरोखरच आहे, पण त्याचा बँकेतल्या नोकरीशी काडीचा संबंध नाही.

हा लेख ज्यांना कामापुरतं इंग्रजी येतं पण अशा जागी जीभ अडखळते त्यांच्यासाठी आहे. क्रमाने वाचा. नुसत्या ‘जॉइन’चा पाया पक्का नसेल तर पुढचं ‘इन’ आणि ‘अप’ दोन्ही डोक्यात घोळ घालतील.

पायरी पहिली: नुसतं ‘जॉइन’ एकटंच चालतं

कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते. इंग्रजीत हे वाक्य ‘द कोयना जॉइन्स द कृष्णा अ‍ॅट कराड’ असं होतं. मराठीतल्या ‘कृष्णेला’मधला ‘ला’ इंग्रजीत कुठेच नाही. ‘जॉइन’ आणि ‘द कृष्णा’ यांच्यामध्ये काहीही येत नाही. हे एक वाक्य पाठ करून ठेवा, पुढची बरीचशी वाक्यं त्याच साच्यातून निघतात. बँकेत रुजू झालो – ‘आय जॉइन्ड द बँक.’ ग्रंथालयाचा सभासद झालो – ‘आय जॉइन्ड द लायब्ररी.’ आमच्यात बस – ‘कम अँड जॉइन अस.’ रांगेत उभा राहा – ‘जॉइन द क्यू.’ संस्था असो, माणूस असो, रांग असो की नदी, मधे ‘इन’ नाही, ‘टू’ नाही, ‘विथ’ही नाही.

‘टू’ येतो तो दोन वस्तू एकमेकींना जोडताना. नळाला पाइप जोडायचा असेल तर ‘जॉइन द पाइप टू द टॅप’. तिथे जोडणारा तिसराच कोणीतरी असतो. तुम्ही स्वतःच जाऊन मिळत असाल तर ‘टू’ लागत नाही. ‘जॉइन विथ’ इंग्रजीत अगदीच नाही असं नाही, पण ते भाषणातलं, ठरावातलं इंग्रजी आहे. एखाद्या मागणीला पाठिंबा देताना ‘वी जॉइन विथ अदर टीचर्स इन डिमांडिंग धिस’ असं म्हणतात. चहाला बोलावताना असं कोणी म्हणत नाही.

नोकरीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण मुलाखतीत त्या कानाला खटकतात. एक म्हणजे ‘आय हॅव जॉइन्ड हियर सिन्स २०१९’. ‘जॉइन’ होणं ही एका दिवसात उरकणारी घटना आहे, ती वर्षानुवर्षं चालू राहत नाही. म्हणून एकतर ‘आय जॉइन्ड इन २०१९’ म्हणा, नाहीतर ‘आय हॅव बीन हियर सिन्स २०१९’. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याकडे ‘जॉइनिंग डेट’, ‘जॉइनिंग रिपोर्ट’, ‘व्हेन कॅन यू जॉइन?’ हे सगळं कार्यालयीन भाषेत मुरलेलं आहे आणि भारतात ते चालतंही. परदेशी कंपनीशी बोलताना मात्र तिकडची माणसं ‘स्टार्ट डेट’ आणि ‘व्हेन कॅन यू स्टार्ट?’ म्हणतात. तुमचं वाक्य समजेल, पण त्यांच्या तोंडचं हेच.

पायरी दुसरी: ‘जॉइन इन’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा

प्रश्न असा: तिथे आधीपासून काही चालू आहे का?

‘जॉइन इन’चा सगळा जीव या प्रश्नात आहे. शब्दकोशात पाहिलं तर ‘भाग घेणे’, ‘सहभागी होणे’ असे अर्थ सापडतात आणि आपण ते घेऊन मोकळे होतो. पण ‘जॉइन इन’मध्ये लोक आधीच काहीतरी करत असतात आणि तुम्ही येऊन तेच करू लागता. दोन्ही गोष्टी हव्यात. काही चालू नसेल तर ‘जॉइन इन’ नाही, आणि तुम्ही नुसते येऊन बसलात, केलं काहीच नाही, तरीही ‘जॉइन इन’ नाही.

गणपतीत शेजाऱ्यांकडे आरती सुरू झालेली असते. तुम्ही चप्पल काढून आत येता, ‘जय देव जय देव’पाशी तुमचाही आवाज मिसळतो, कोणीतरी हातात टाळ देतं. ‘दे वर सिंगिंग द आरती अँड वी जॉइन्ड इन.’ इथे दुसरं कुठलंही क्रियापद इतकं चपखल बसणार नाही. पोवाड्यात शाहीर चौक म्हणतो आणि झीलकरी ‘जी जी जी’ करत झील धरतात, ते झील धरणं म्हणजेच ‘जॉइन इन’. मराठीत यासाठी जागेप्रमाणे वेगवेगळे शब्द आहेत: सूर मिळवणे, साथ धरणे, सामील होणे, मिसळणे. आणि हेतू चांगला नसेल तर री ओढणे. हो, ‘जॉइन इन’ वाईट गोष्टीतही चालतं. वर्गात एक मुलगा नव्या मुलाला चिडवू लागतो आणि बाकीचे त्याची री ओढतात: ‘वन बॉय स्टार्टेड टीझिंग हिम अँड द अदर्स जॉइन्ड इन.’

ऑनलाइन मीटिंगने हा फरक समजावणं फार सोपं करून ठेवलं आहे. पडद्यावर ‘जॉइन’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की तुम्ही आत आलात, काम संपलं. कॅमेरा बंद, माइक बंद, तासभर कोणाच्या अध्यात ना मध्यात. तुम्ही मीटिंग ‘जॉइन’ केली, पण ‘जॉइन इन’ केलं नाही. ‘आय जॉइन्ड द मीटिंग बट डिडन्ट जॉइन इन’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, आणि अनेकांच्या बाबतीत खरंही. साहेबांनी ‘प्लीज फील फ्री टू जॉइन इन’ म्हटलं तर ते बटण दाबायला सांगत नसतात. ‘अधूनमधून बोला की तुम्हीही,’ असं सांगत असतात.

ब्रिटनमध्ये ज्यांची लहान मुलं नर्सरीत जातात, त्यांना शाळेच्या अहवालात हे क्रियापद भेटतं. ‘शी जॉइन्स इन वेल’ म्हणजे मुलगी इतरांत छान मिसळते, गाण्यात-खेळात भाग घेते. ‘ही इज रिलक्टंट टू जॉइन इन’ म्हणजे मुलगा बाजूला उभा राहतो. ही तक्रार नसते, नोंद असते, पण पालकांनी ती वाचायला हवी. इथे ‘कशात’ हे सांगितलेलंही नाही. संदर्भ उघड असला की ‘जॉइन इन’नंतर काहीच लागत नाही.

सांगायचंच असेल तर दोन वाटा आहेत. ‘कशात?’ याचं उत्तर देणारा शब्द सरळ पुढे ठेवायचा: ‘जॉइन इन द सिंगिंग’, ‘जॉइन इन द गेम’, ‘जॉइन इन द डिस्कशन’. ‘कोणाबरोबर?’ याचं उत्तर द्यायचं असेल तर मधे ‘विथ’ घालायचा: ‘जॉइन इन विथ द चिल्ड्रन’. दोन्ही मिळूनही येतात: ‘ग्रँडपा जॉइन्ड इन द गेम विथ द चिल्ड्रन.’ माणसाचं नाव थेट ‘इन’पुढे मात्र ठेवता येत नाही, ‘जॉइन इन मी’ हे वाक्यच नव्हे. आणि ‘जॉइन इन इट’ असंही सहसा कोणी म्हणत नाही. ‘इट’ गाळून नुसतं ‘जॉइन इन’ पुरतं.

आता जिथे हमखास चुकतं त्या जागा. स्पर्धा, अभ्यासक्रम, महाविद्यालय. ‘मी वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला’ याचं ‘आय जॉइन्ड इन द कॉम्पिटिशन’ होत नाही, कारण स्पर्धेत तुम्ही स्पर्धक म्हणून नाव देता. चालू गोष्टीत मधेच मिसळत नाही. तिथे ‘टुक पार्ट इन’ किंवा ‘एंटर्ड’. अभ्यासक्रमाला ‘जॉइन्ड द कोर्स’ किंवा ‘एनरोल्ड’. कॉलेजला नुसतं ‘जॉइन्ड’.

पायरी तिसरी: दिसायला सारखे तीन ‘इन’

‘जॉइन’ आणि ‘इन’ शेजारी दिसले की ते ‘जॉइन इन’ असेलच असं नाही. तीन वाक्यं पाहा.

‘आय जॉइन्ड इन २०१९.’ इथला ‘इन’ सालाचा आहे. मी २०१९ साली रुजू झालो, एवढंच.

‘जॉइन अस इन पुणे.’ इथला ‘इन’ गावाचा. पुण्यात आम्हाला येऊन भेटा.

‘प्लीज जॉइन मी इन वेलकमिंग अवर चीफ गेस्ट.’ सूत्रसंचालन करणाऱ्यांचं हे आवडतं वाक्य. गॅदरिंग असो की पतसंस्थेचा वर्धापनदिन, एकदा तरी कानावर पडतंच. इथे ‘जॉइन’ आणि ‘इन’ यांच्यामध्ये ‘मी’ आला आहे आणि ‘इन’नंतर ‘इंग’ लागलेलं क्रियापद. अर्थ: माझ्याबरोबर तुम्हीही स्वागत करा. साचा पक्का आहे आणि बरोबर आहे. फक्त त्यातला ‘मी’ उचलून ‘जॉइन इन मी’ करू नका, आणि ‘वेलकमिंग’चं ‘टू वेलकम’ही करू नका. दुसरी चूक तर निवेदकांच्या छापील कागदांवरही सापडते.

ओळखायचं कसं? कानाने. खऱ्या ‘जॉइन इन’मध्ये जोर ‘इन’वर पडतो: वी जॉइन्ड ‘इन’. सालाच्या वाक्यात ‘इन’ झरकन निघून जातो आणि जोर सालावर पडतो. उच्चारताना शब्द तोडूही नका. ‘जॉइन इन’ हे बोलताना ‘जॉइ-निन’ असं ऐकू येतं आणि ‘जॉइन्ड इन’ हे ‘जॉइन्-डिन’ असं. इंग्रज माणूस ‘जॉइनेड’ म्हणत नाही. शेवटचा ‘ड’ पुढच्या ‘इ’ला चिकटतो. चार-पाच वेळा मोठ्याने म्हटलं की जमतं.

पायरी चौथी: ‘जॉइन अप’ आणि फौज

‘ही जॉइन्ड अप इन १९४०.’ पुढे काहीच न सांगता वाक्य संपलं तरी ऐकणाऱ्याला कळतं की तो फौजेत भरती झाला. मराठीत ‘तो भरती झाला’ एवढं म्हटलं की (दवाखान्याचा विषय चालू नसेल तर) जसं फौजच डोळ्यांपुढे येते, तसंच हे.

या अर्थामागे मोठा इतिहास आहे. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती नव्हती, ती १९१६ मध्ये आली. तोपर्यंत सगळी मदार स्वयंसेवकांवर. युद्धमंत्री लॉर्ड किचनर बोट रोखून पाहतो आहे, ते प्रसिद्ध चित्र आल्फ्रेड लीटने काढलं आणि ५ सप्टेंबर १९१४ रोजी ‘लंडन ओपिनियन’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलं. सुमारे २५ लाख माणसं आपणहून भरती झाली. एका गावची, एका गिरणीतली, एका कचेरीतली पोरं मिळून नाव नोंदवायला जात, आणि त्यांना एकाच पलटणीत ठेवण्याचं आश्वासन मिळे. दोस्तांच्या पलटणी म्हणूनच त्या ओळखल्या जात. अ‍ॅक्रिंग्टन या गिरणगावाच्या पलटणीतले सुमारे ७०० जण १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत पुढे सरसावले, आणि त्यातले ५०० हून अधिक काही वेळातच मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. एकत्र ‘जॉइन अप’ केलेल्या गावावर एकाच दिवशी सुतक आलं. त्या काळाबद्दलच्या इंग्रजी आठवणींमध्ये ‘वी ऑल जॉइन्ड अप टुगेदर’ असं वाक्य आलं तर त्याचं वजन या पार्श्वभूमीवर कळतं.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे घ्या. मिलिटरी अपशिंगे या नावानेच ते ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. तिथली गोष्ट इंग्रजीत सांगायची तर ‘जनरेशन आफ्टर जनरेशन, मेन फ्रॉम द व्हिलेज जॉइन्ड अप’ हे वाक्यही ‘जॉइन्ड द आर्मी’इतकंच नैसर्गिक वाटेल. अमेरिकन माणूस इथे बहुधा ‘एनलिस्टेड’ किंवा ‘साइन्ड अप’ म्हणेल.

फौजेबाहेर ‘जॉइन अप’चा अर्थ सांधणं, एकत्र येणं. दोन गट वाटेत भेटून पुढे बरोबर निघाले तर ‘द टू ग्रुप्स जॉइन्ड अप’. आपण दुसऱ्यांना जाऊन मिळालो तर ‘वी जॉइन्ड अप विथ देम’, आणि इथे ‘विथ’ हवाच. मुलांच्या चित्रपुस्तकातले ठिपके जोडणं म्हणजे ‘जॉइन अप द डॉट्स’. अमेरिकेत ‘कनेक्ट द डॉट्स’ म्हणतात.

याचंच विशेषण ‘जॉइन्ड-अप’, खास ब्रिटिश. आपल्या इंग्रजी शाळांत ज्याला ‘कर्सिव्ह’ म्हणतात, त्याला ब्रिटनमधली मुलं ‘जॉइन्ड-अप रायटिंग’ म्हणतात. हात न उचलता अक्षरं जोडत लिहायचं. (मोडी लिहिणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.) १९९७ साली टोनी ब्लेअर यांचं सरकार आलं आणि ‘जॉइन्ड-अप गव्हर्नमेंट’ हा शब्दप्रयोग गाजला. सरकारी खात्यांनी एकमेकांशी बोलून काम करावं, असा त्याचा अर्थ. एका खात्याने रस्ता करायचा आणि दुसऱ्याने महिन्याभरात तो खणायचा, याच्या नेमकं उलट. ब्रिटिश वर्तमानपत्रांत ‘लॅक ऑफ जॉइन्ड-अप थिंकिंग’ अशी टीका आजही वाचायला मिळते.

पायरी पाचवी: तिन्ही एका वाटेवर

आषाढी वारीचं वर्णन इंग्रजीत करून पाहा, तिन्ही क्रियापदं आपापल्या जागी बसतात. एक बाई आळंदीला दिंडीत सामील होते: ‘शी जॉइन्ड अ दिंडी अ‍ॅट आळंदी.’ ती आता त्या दिंडीची झाली, म्हणून नुसतं ‘जॉइन्ड’. वाटेत कोणीतरी अभंग उचलतं, टाळकरी ध्रुपद धरतात, तीही म्हणू लागते: ‘दे बिगॅन अ‍ॅन अभंग अँड शी जॉइन्ड इन.’ चालू गोष्टीत तिने सूर मिळवला. पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला निरनिराळ्या गावांहून आलेल्या पालख्या एकत्र येतात: ‘अ‍ॅट वाखरी द पालखीज जॉइन अप.’ वेगवेगळे प्रवाह सांधले गेले.

यात एखादं क्रियापद बदलून पाहा. ‘शी जॉइन्ड इन अ दिंडी’ म्हटलं तर वाक्य अडखळतं. ‘द पालखीज जॉइन इन’ म्हटलं तर वाखरीला आधीच काही चालू आहे आणि पालख्या त्यात जाऊन मिसळल्या, असा भलताच अर्थ निघतो.

‘जॉइन ऑन’ आणि ‘जॉइन टुगेदर’ यांचं फार मनावर घेऊ नका. पहिलं शेपटाला काही जोडताना येतं, जसा गाडीला जादा डबा. दुसऱ्यात ‘टुगेदर’ जोर देण्यापुरता. लाकडाचे तुकडे चिकटवताना किंवा चर्चमधल्या लग्नविधीत तो ऐकू येतो.

पायरी सहावी: शेजारीपाजारी

कामाला हात लावायचा असेल तर ‘पिच इन’. लग्नघरी आल्या आल्या पदर खोचून पोळ्या लाटायला बसणारी मावशी ‘पिचेस इन’. पैशांची वर्गणी काढायची तर ‘चिप इन’. कार्यालयात कोणाच्या निवृत्तीच्या भेटीसाठी पाकीट फिरतं तेव्हा ‘एव्हरीवन चिप्ड इन’. ब्रिटनमध्ये बोलण्यात मधेच तोंड घालण्यालाही ‘चिप इन’ म्हणतात. कोणाच्या मागे मागे जायचं असेल, बोलावणं असो वा नसो, तर ‘टॅग अलाँग’. दादाच्या मागे शेपटासारखा हिंडणारा धाकटा ‘टॅग्ज अलाँग’. एका कामापुरतं दोघांनी हातमिळवणी केली तर ‘टीम अप विथ’.

दोन शब्दांपासून जरा सांभाळून. आपल्याकडे दवाखान्याचा विमा कंपनीशी ‘टाय-अप’ असतो, भारतात ते ठीक. पण ‘आय अ‍ॅम टाइड अप’ म्हणजे मी कामात अडकलोय, करार झालाय असं नव्हे. दुसरा शब्द ‘हुक अप’. प्रिंटर संगणकाला जोडताना निर्धास्त वापरा. अमेरिकेत सहकाऱ्याला ‘लेट्स हुक अप धिस वीकेंड’ म्हणू नका. तिथे त्याचा प्रचलित अर्थ शरीरसंबंधाकडे जातो. ‘लेट्स मीट अप’ म्हणा.

पायरी सातवी: आता तुम्ही करा

पुढची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत म्हणा, मगच उत्तर वाचा.

मुलं अंगणात क्रिकेट खेळत होती, आजोबाही उतरले. – ‘द चिल्ड्रन वर प्लेइंग क्रिकेट अँड ग्रँडपा जॉइन्ड इन.’ खेळ चालू होता, आजोबा खेळले. दोन्ही अटी पूर्ण.

ती जूनमध्ये शाळेत रुजू झाली. – ‘शी जॉइन्ड द स्कूल इन जून.’ हा ‘इन’ महिन्याचा, त्यावर जोर नको.

तुम्ही पुढे व्हा, आम्ही साताऱ्याला तुम्हाला गाठतो. – ‘यू गो अहेड, वी विल जॉइन यू इन सातारा.’ दोन गाड्यांतली मंडळी तिथून एकत्र निघणार असतील तर ‘जॉइन अप विथ यू’ही चालेल.

इथे बसू का? (उपाहारगृहात, ओळखीच्या टेबलापाशी) – ‘मे आय जॉइन यू?’ तीच मंडळी पत्ते खेळत असतील आणि तुम्हाला डाव टाकायचा असेल तर ‘कॅन आय जॉइन इन?’

पार्टीसाठी सगळ्यांनी वर्गणी दिली, त्याने हात आखडता घेतला. – ‘एव्हरीवन एल्स चिप्ड इन, बट ही डिडन्ट.’ इथे ‘जॉइन इन’ म्हटलं तर तो जेवायला-नाचायला आला नाही असा अर्थ होईल. प्रत्यक्षात तो आला होता, जेवलाही, फक्त पैसे काढले नाहीत.